पोच

"पोच नाही त्याला," हे आमच्या घरात पहिल्यांदा म्हणाल्या त्या सासूबाई. लेक चार वर्षांचा होता. पाहुण्यांसमोर त्यानं चहाची बशी पालथी केली आणि टाळ्या पिटत हसत बसला. सासूबाई रागानं बोलल्या नव्हत्या, पाहुण्यांपुढं सावरून घ्यायला बोलल्या होत्या. पण शब्द घरात मुक्कामाला राहिला. पुढं गल्लीतल्या बायका, पहिलीच्या बाई, रिक्षावाले मामा, सगळ्यांच्या तोंडून तो ऐकला. आणि मग काही वर्षांनी एका सरकारी खिडकीपलीकडच्या माणसाला मीच म्हणाले, "साहेब, पोच द्या." म्हणून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. ते बिचारे बघतच राहिले.

मी शिक्षिका नाही, वकील नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरात ब्लाउज शिवते. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहे. पण गेली दोन-तीन वर्षं माझा नंबर कुठून कुठून फिरतोय. अंगणवाडीच्या ताई देतात, थेरपीला पोरं घेऊन येणाऱ्या आया एकमेकींना देतात. संध्याकाळी सातच्या सुमारास फोन येतो आणि सुरुवात ठरलेली असते, "ताई, तुमी मला वळखत न्हाईसा..." त्यांना वाटतं माझी कुठंतरी ओळख आहे. ओळख कुणाशीच नाही. माझ्याकडे एक निळी प्लॅस्टिकची फाईल आहे आणि ती भरताना केलेल्या चुका आहेत.

पहिली चूक फेब्रुवारी 2020 ची.

लेकाला 2018 ला पहिलीत घातलं ते फी भरून, खासगी शाळेत. मोठ्या जावेची मुलं तिथंच होती म्हणून. दुसरी संपत आली आणि मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागं शाहू महाराजांचा हा एवढा फोटो, चंदनाचा हार घातलेला. सर भल्या आवाजात बोलत होते. "वहिनी, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. बाकीचे पालक तक्रारी करतात. त्याच्याच भल्यासाठी सांगतोय, स्पेशल शाळेत घाला." क्लार्कनं टाइप केलेला अर्ज पुढं सरकवला. दोन ओळींचा. 'वैयक्तिक कारणास्तव पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सही मी केली.

त्या सहीचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. शिक्षण हक्काच्या कायद्यात आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांगांचा 2016 चा कायदा सांगतो की सरकारनं नुसती मान्यता दिलेल्या शाळेलासुद्धा अशा मुलाला भेदभाव न करता घ्यावं लागतं. पण आमच्या बाबतीत शाळेनं कुठं काढलं होतं? कागदाप्रमाणे मीच 'वैयक्तिक कारणास्तव' नेलं होतं. पुढं ज्या ज्या ठिकाणी रडत गेले, तिथं प्रत्येकानं तोच कागद माझ्यापुढं धरला.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं, दरवर्षी भाषणात असतं. आम्ही तर मूल घेऊन शाळेच्या आत बसलो होतो, त्याच फोटोखाली. दंड कुणाला लावायचा मग?

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सगळ्यांचीच पोरं घरी बसली, त्यामुळं आमचं पोरगं कुठल्याच शाळेच्या पटावर नाही, हे वर्षभर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही फारसं नाही. उलट बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तपासणीला एवढा उशीर का केला, असं डॉक्टरांनीही विचारलं. मी लहान असताना कोल्हापुरात अपंग म्हटलं की डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची यायची. नसीमादीदी हुरजूक आणि त्यांची 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था सगळ्यांना माहीत. शाळेत आमच्याकडून राख्या, भेटकार्डं करून घ्यायचे. त्यामुळं जे पोरगं रंकाळ्यावर माझ्या हाताला हिसका देऊन पळतं, जिना धडाधड उतरतं, त्याच्यासाठी तो शब्द असू शकतो हे डोक्यातच शिरत नव्हतं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यातले कितीतरी बघून कळत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता. पोरगं दिसायला नीट, म्हणून आईनं वळण लावलं नाही असंच लोक धरून चालतात. मीही तेच धरून चालले होते आणि त्याला मारतही होते. ते लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

दिव्यांग प्रमाणपत्राचं 2021 च्या अखेरीला मनावर घेतलं. तेव्हा सगळं ऑनलाइन झालेलं होतं. स्वावलंबन पोर्टलवर नाव नोंदवायचं, आधार आणि फोटो जोडायचा, दवाखाना निवडायचा, मग बोलावतील त्या दिवशी जायचं. ऐकायला सोपं. नेट कॅफेतल्या पोरानं आडनाव आधारवर आहे तसं न टाकता जन्मदाखल्यावर आहे तसं टाकलं, एका काना-मात्रेचा फरक, आणि दीड महिना त्यात गेला. तेव्हापासून माझ्याकडे येणारीला मी आधी हेच सांगते, की जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड एका ओळीत मांड आणि अक्षर अक्षर ताडून बघ. फरक असेल तर आधी तो मिटव, मग पोर्टल.

सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला आम्ही पहाटे उठवून, न खाता नेलं, रांग लागायच्या आत पोचावं म्हणून. नंबर लागेपर्यंत साडेबारा. पोरगं भुकेलं, झोपेला आलेलं. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी ठोकळे पुढं ठेवले तर त्यानं ते एकेक करून टेबलाखाली टाकले. "आज नको," म्हणाल्या. त्या म्हणाल्या म्हणून बरं. तसंच उरकलं असतं तर आकडा खोटा आला असता. दुसऱ्या खेपेला झोप पुरी करून, पोटभर खायला घालून, पिशवीत भडंगाची पुडी घेऊन गेले.

बुद्ध्यांकासाठी त्यांनी बिने-कामत चाचणी घेतली. कामतांनी ती फार पूर्वी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली, असं मॅडमनी सांगितलं. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना बरंच की. पण मला जास्त कळलं ते दुसऱ्या चाचणीत. व्हाइनलँड म्हणतात तिला. त्यात मुलाला काही करायला सांगत नाहीत, आईला विचारतात. स्वतः जेवतो का? गुंड्या लावतो का? एकटा अंघोळ करतो का? दुकानातून वस्तू आणतो का, सुटे पैसे कळतात का?

मी म्हणाले, "करतो की. सगळं करतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अंघोळीचं पाणी कोण काढतं?"

"मी."

"साबण?"

"मीच लावते. पण तांब्या तो घेतो."

"गुंड्या?"

मी गप्प. टी-शर्टच घालते मी त्याला, गुंड्या नकोत म्हणून. घरी दारी सात वर्षं लोकांना "येतंय त्याला, येतंय सगळं" सांगायची सवय झालेली. परक्या बाईसमोर आपल्या पोराला काय येत नाही ते एकेक करून सांगणं, हे मला त्याच्या जन्मापेक्षा जड गेलं. पण तिथं अब्रू राखायला गेलं की पोराचं नुकसान होतं. त्या मापात 55 ते 69 म्हणजे सौम्य, त्याचे 50 टक्के लागतात. सत्तरीच्या पुढं गेलं की 25 टक्के. आणि बहुतेक सवलतींची पायरी 40 वर आहे. आईनं फुशारकीनं दोन-चार गोष्टी वाढवून सांगितल्या की पोरगं त्या पायरीच्या खाली. उलटही करू नये म्हणा. मुद्दाम कमी सांगणारेही भेटले मला. जे आहे ते सांगावं. मी आता बायकांना सांगते, जायच्या आधी चार दिवस वहीत लिहून काढा, सकाळी उठल्यापासून त्याचं काय काय तुम्ही करता. लिहिताना रडू येतं. घरी येऊन गेलेलं बरं, तिथं येण्यापेक्षा.

आमचे 50 टक्के आले. कार्ड घरी आलं त्या दिवशी नवऱ्यानं ते हातात धरून विचारलं, "म्हणजे निम्मा?" तो काही अडाणी नाही. पण टक्के म्हटलं की माणसाला मार्क आठवतात. सौम्य म्हटलं की 50 लिहायचे, मध्यम म्हटलं की 75, असा तो तक्ता आहे. पोरातलं निम्मं कुणी मोजून काढलेलं नाही. हे त्याला मी समजावलं आणि रात्री मोरीत जाऊन स्वतःला समजावलं.

आता शाळा. कायद्यात अशा मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. 'पसंतीच्या' हा शब्द मी फाईलमधल्या प्रतीवर लाल पेनानं अधोरेखित केलाय. विशेष शाळा वाईट आणि साधी शाळा चांगली, असं बोलणारे खूप भेटतात, आणि त्यांच्या घरी बहुतेक वेळा असं मूल नसतं. आम्ही वर्षभर विशेष शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी त्याला दात घासायला, चप्पल डावी-उजवी ओळखायला आणि सदऱ्याच्या गुंड्या लावायला शिकवलं. गुंड्यांना सहा महिने लागले. एक लाकडी चौकट होती, तिच्यावर कापड ताणलेलं आणि मोठ्या मोठ्या गुंड्या. मी शिवणकाम करणारी बाई, हजारो काजी केल्या असतील, पण गुंडी लावण्याचे सात तुकडे करून एकेक तुकडा शिकवायचा, हे मला कधी सुचलं नव्हतं. तो तिथं खूश होता. पण त्याला बडबड करणारी पोरं लागतात. गल्लीतली पोरं शाळेला निघाली की तो गॅलरीतून त्यांच्या नावानं ओरडायचा. म्हणून 2023 च्या जूनमध्ये महापालिकेच्या शाळेत गेलो. पाचवीत प्रवेश मिळाला. मोठ्या बाईंनी दहा मिनिटांत नाव घातलं. "मूल आहे, शाळा आहे, आणखी काय लागतं?" म्हणाल्या. मी इतकी तयारी करून, कलमं पाठ करून गेले होते की माझा थोडा हिरमोडच झाला.

नाव घालणं सोपं होतं, पुढचं अवघड. माझा पहिला अर्ज असा होता: 'माझा मुलगा मतिमंद असून कृपया त्यास सांभाळून घ्यावे.' सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं तो वाचला आणि घडी घालून परत दिला. "वहिनी, पहिली गोष्ट, तो शब्द आता लिहीत नाहीत. बौद्धिक अक्षमता लिहा. आणि सांभाळून घ्या म्हणजे नेमकं काय करायचं त्यांनी? कोपऱ्यात बसवून ठेवलं तरी सांभाळलंच की."

हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल. तिनंच शेजारी बसून दुसरा अर्ज लिहून घेतला. पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवावं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी छापील कागद द्यावा. गणितं दहाऐवजी चार, आणि मोजायला मणी. प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावं. त्याच्यासाठी वैयक्तिक आराखडा करावा, तो कधी करणार ती तारीख कळवावी, आणि बैठकीला आईला बोलवावं. गिऱ्हाईक नुसतं "चांगला शिवा" म्हणाली तर मी काय शिवणार? बाही किती, गळा किती, उंची किती, हे सांगितल्यावर कात्री चालते. एवढी वर्षं हे मला शाळेच्या बाबतीत कळलं नव्हतं.

आणि दुसरी प्रत. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा. एक तिथं ठेवायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घेऊन घरी आणायची. ही पोच. ज्याची पोच नाही तो अर्ज दिलाच नाही असं समजावं.

त्या शिक्षिका आठवड्यातून एकदा यायच्या, कधी पंधरवड्यातून. एकटीकडं इतक्या शाळा सोपवतात की बाई रस्त्यावरच जास्त असते. तिला दोष देऊन काय करायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत एक फोन आला. राधानगरी रस्त्याच्या आत एक गाव, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूवरच्या परिणामामुळं शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. आई म्हणाली, "ताई, शाळंत नाव हाय, पण गुरुजी म्हणत्यात आणू नगा. तपासणी आली की निरोप धाडत्यात, तेवढं घिऊन जाते. आता एक कागद दिलाय सहीला."

"कसला कागद?"

"घरीच शिकवायचा कायतरी."

"सही केलीस?"

"उद्या करायची हाय."

मी मशीनवरून उठले. "करू नको. मी येते."

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून अशा वाऱ्या मला परवडतात. रंकाळा स्टँडवरून सकाळची गाडी धरली. गळिताचे दिवस, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत रखडत चालली होती. लेकालाही बरोबर घेतलं होतं, सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून. तो प्रत्येक ट्रॅक्टरवरचं गाणं ओळखत होता.

कागद गृहाधारित शिक्षणाचा संमतीपत्राचा होता. ही सोय खरी आहे आणि काही मुलांना तिची गरजही आहे. 2012 साली शिक्षण हक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती आली, बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी. पण तो निवडायचा हक्क मुलाचा आहे, शाळेची सुटका करायला तो केलेला नाही. आणि मुलगी तर बसल्या जागी सगळ्यांचं बोलणं टिपत होती. हात आखडलेले, बोलणं सावकाश, शब्द ओढून काढल्यासारखे. आईनं विचारलं, "ताईस्नी पाढा म्हणून दावतीस?" तर तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मला आवडली.

शाळेत गेलो. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, तिसरीचा वर्ग पाच पायऱ्या चढून ओट्यावर. मुख्याध्यापक मनानं वाईट नव्हते. "ताई, हिला शू लागली तर कोण नेणार? आम्ही दोघं पुरुष माणसं. पडली-बिडली तर गाव आमच्यावर येईल." खरं होतं त्यांचं. पण खऱ्या अडचणीचा कागद वर पाठवायचा सोडून त्यांनी आईच्या सहीचा कागद काढला होता. मी तिथंच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. पहिली ओळ, 'आम्हाला गृहाधारित शिक्षण नको, मुलगी शाळेतच शिकेल.' पुढं वर्ग खालच्या खोलीत घ्यावा, शौचालयात धरायला दांडी आणि बसायला खुर्ची असावी, परीक्षेत उत्तरं तोंडी घ्यावीत किंवा लेखनिक द्यावा, मदतनीस भत्त्याचा प्रस्ताव पाठवावा. खाली आईची सही. तिनं हळूहळू, एकेक अक्षर कोरून केली.

सर म्हणाले, "आपण घरचीच माणसं, कागद कशाला? आणि शिक्का पेटीत आहे, किल्ली दुसऱ्या सरांकडं."

मग पंचायत समितीत. तिथं जायला पाऊण तास, आईनं मुलीला कडेवर घेतलेलं. आठ वर्षांचं मूल कडेवर म्हणजे काय, ते उचलल्याशिवाय कळत नाही. मी अर्धा रस्ता घेतलं, माझी कंबर दोन दिवस बोलत होती. गटशिक्षणाधिकारी मीटिंगला गेलेले.

"साहेब आले की या," क्लार्क म्हणाले.

"साहेब नकोत. आवकला नोंद करा आणि पोच द्या."

"ठेवून जा. देतो साहेबांना."

"ठेवतेच. ह्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या."

एवढंच म्हणायचं असतं. आवाज चढवायचा नाही, कायदा काढायचा नाही, खुर्ची सोडायची नाही. साहेबांची सही मागितली की साहेब येईपर्यंत तुम्ही अडकता. आवकचा शिक्का हे क्लार्कचंच काम असतं आणि ते त्यालाही माहीत असतं. तरीही नाहीच म्हणाला तर समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवायचं, पोच मागवून. पोच पोस्टाकडून मिळते.

क्लार्कनी रजिस्टर ओढलं, क्रमांक टाकला, शिक्का मारला, तारीख लिहिली आणि प्रत सरकवली. आईच्या मांडीवरून मुलीनं मान पुढं केली. बराच वेळ ओठ हलले. मग म्हणाली, "पं-च-वीस."

आम्हाला कुणालाच कळेना. तिनं आखडलेली मूठ कागदावर ठेवली. तारखेत 2024 लिहिलं होतं. नवीन वर्ष लागून दहा दिवसच झाले होते, हात सवयीनं गेला होता.

क्लार्क बघत राहिले. "तिसरीला आहे म्हणालात?" मग त्यांनी 4 खोडून 5 केला, शेजारी छोटी सही केली आणि रजिस्टरातही दुरुस्त केलं. बाहेर आल्यावर आई काही बोलली नाही. मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

येताना स्टँडपर्यंत ती सोडायला आली तेव्हा बाकीचं घाईघाईत सांगितलं. मुलगी आहे म्हणून समग्र शिक्षामधून महिन्याला 200 रुपये, दहा महिने, बँक खातं तिच्या नावाचं काढून ठेव. दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्म भर, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दहावीला तासाला 20 मिनिटं जादा आणि लेखनिक, ते आतापासून शाळेच्या नोंदीत आण, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, दिव्यांग म्हणून नोंद आहे का ते विचार. एवढं सांगेपर्यंत गाडी लागली. अठरा वर्षांनंतर काय, पालकत्वासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज, हे मी सांगितलं नाही. तेवढ्या लांबचं एका दिवसात सांगू नये, माणूस खचतं. शिवाय या पोरीचं डोकं बघता तिला तो अर्ज लागणारही नाही. माझ्या लेकाला लागेल.

दोन आठवड्यांत विशेष शिक्षिका गावात जाऊन आली. तिसरीचा वर्ग खाली आला, पहिलीचा वर गेला. दांडी आणि खुर्ची ग्रामपंचायतीनं बसवली. पंचायतींना आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे मी आईला सांगितलं, आईनं सरपंचबाईंना, आणि सरपंचबाई म्हणे ग्रामसेवकाच्या मागंच लागल्या. उताराचा रस्ता अजून झालेला नाही. वाळू येऊन पडली होती, ती दुसऱ्या कामाला गेली. मदतनीस भत्त्याचा प्रस्ताव कुठंतरी आहे.

माझा लेक आता सातवीत. महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळं जूनमध्ये आठवी, म्हणजे नवीन शाळा, नवीन मुख्याध्यापक, आणि हे सगळं पुन्हा. दोन हायस्कुलांतून हलक्या आवाजात "बघू, सांगतो" ऐकून झालंय. इतकी वर्षं लोकांच्या पोरांसाठी फिरते, पण स्वतःच्या पोराचा अर्ज घेऊन निघायचं म्हटलं की अजूनही पायात गोळे येतात.

परवा त्या मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, शाळंनं एक कागद दिलाय."

"काय लिहिलंय?"

"सहलीचा हाय. जबाबदारी पालकांची, आसं लिव्हलंय. म्या सही न्हाई क्येली. आदी झेरॉक्स काडली, मग तुमास्नी फोन." मग जरा थांबून, "तुमच्या लेकाच्या आठवीचं काय झालं?"

"सोमवारी जायचंय. अजून एक शाळा आहे."

"एकल्याच?"

"ह्यांना सुट्टी नाही."

"मी येऊ?" ती म्हणाली. "पैल्या गाडीनं येते. तुमी बोला, मी नुसती बसते. दोन प्रती काडून ठेवा."